आय५-१०४०० च्या असेंबल केलेल्या पीसीवर मॅकओएस: तयार ईएफआय फोल्डर का अडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटेल आय५-१०४०० प्रोसेसर, बी४६० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज असलेला २५६ जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, असा सुटे भाग आणून जुळवलेला संगणक तुमच्याकडे आहे. आयफोनची ॲप्स तयार करायला शिकायचे आहे, त्यासाठी एक्सकोड हे ॲपलचे साधन हवे आणि एक्सकोडसाठी मॅकओएस ही ॲपलची संगणकप्रणाली हवी. म्हणून ‘याच प्रोसेसरवर चालतो’ असे सांगितलेला एक तयार ईएफआय फोल्डर (संगणक सुरू होताना लागणाऱ्या बूटच्या फाइलींचा संच) तुम्ही उतरवून पेनड्राइव्हवर टाकलात. ॲपलचे चिन्ह उमटते, खालची पट्टी अर्ध्यापर्यंत जाते आणि तिथेच थांबते. ती का थांबते, या संगणकावर मॅकओएस चालेल का, आणि हे सगळे कायदेशीर आहे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

कायद्याचा मुद्दा आधी संपवतो. मॅकओएस वापरण्याचा परवाना ॲपलच्या नावाच्या संगणकापुरताच दिलेला असतो, आणि इन्स्टॉल करताना ज्या करारावर आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो त्यात हे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे हॅकिन्टॉश करणे, अर्थात ॲपलच्या नसलेल्या संगणकावर मॅकओएस चालवणे, हा त्या कराराचा भंग आहे; त्याला गोड नाव देण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील सायस्टार या कंपनीने २००८ मध्ये मॅकओएस घातलेले असे संगणक उघडपणे विकायला सुरुवात केली, तेव्हा ॲपलने त्याच वर्षी दावा दाखल केला, २००९ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने कंपनीला कायमची मनाई केली आणि २०११ मध्ये अपिलातही ती मनाई कायम राहिली. घरी शिकण्यासाठी प्रयोग करणारा माणूस आणि तो संगणक विकणारा दुकानदार यांच्या जोखमीत फार मोठा फरक आहे, परंतु दोघांपैकी कोणाकडेही परवाना नाही, एवढे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे. ग्राहकाचे काम अशा यंत्रावर घेऊ नये, हे माझे स्वतःचे पथ्य आहे.

आता मुख्य प्रश्न. विंडोज नव्या संगणकात शिरताना पाहुण्यासारखी वागते: दारात उभी राहून घरात काय काय आहे ते विचारते आणि जे सापडेल त्याचा ड्रायव्हर शोधते. मॅकओएस मात्र घरमालकासारखी येते. दिव्याचे बटण कुठे आहे हे तिला पाठ असते, ती अंधारातच तिकडे हात नेते, आणि तिथे बटण नसेल तर खोलीच्या मधोमध उभी राहते. तुमच्या पडद्यावर अर्ध्यात थांबलेली पट्टी म्हणजे असाच कोठेतरी भिंतीवर फिरणारा हात आहे.

ईएफआय फोल्डरमधला ओपनकोर हा बूटलोडर, म्हणजे संगणकप्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम, या घरमालकाची समजूत घालण्याचे काम करतो. मदरबोर्डचे फर्मवेअर (बायोस) आधी ओपनकोरला बोलावते. ओपनकोर स्मृतीत काही तक्ते दुरुस्त करतो, काही नवे घालतो, आपण अमुक मॉडेलचा आयमॅक आहोत असे सांगणारी ओळख तयार करतो, लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटेव्हरग्रीन यांसारखी केक्स्ट, म्हणजे ड्रायव्हरसारख्या पूरक फाइली, कर्नलच्या, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्याच्या, स्वाधीन करतो आणि मग ॲपलच्या मूळ बूट फाइलला सूत्रे देतो. डिस्कवरच्या मॅकओएसच्या एकाही फाइलला तो हात लावत नाही. मी मॅकच्या स्नो लेपर्ड या जुन्या आवृत्तीच्या काळात, कॅमेलिऑन बूटलोडर वापरून या वाटेला लागलो, तेव्हा आम्ही सिस्टिमच्या फोल्डरमध्येच बिनदिक्कत केक्स्ट कोंबत असू आणि प्रत्येक अपडेटनंतर संगणक मान टाकत असे. बिग सर या आवृत्तीपासून ॲपलने सिस्टिमचा भाग सही करून मोहोरबंद केला आणि तो मार्ग जवळजवळ बंदच झाला. ओपनकोरची पद्धत त्यामुळे अधिक स्वच्छ आहे, पण त्याची एक अट आहे: तुमच्या यंत्राचे वर्णन तंतोतंत तुमच्याच यंत्राचे असले पाहिजे.

तयार ईएफआय फोल्डर नेमका इथे फसतो. त्याच्या कर्त्याकडेही आय५-१०४०० असेल, परंतु त्याचा मदरबोर्ड वेगळा, त्यावरचा आवाजाचा कोडेक (आवाजाची चिप) वेगळा, नेटवर्कची चिप वेगळी, यूएसबीची मांडणी वेगळी, इतकेच काय, त्याच मदरबोर्डच्या बायोसची आवृत्ती वेगळी असली तरी फरक पडतो. शिवाय त्या फोल्डरमध्ये त्याने तयार केलेला अनुक्रमांक तसाच पडून असतो, आणि तोच क्रमांक शंभर जणांनी वापरून ॲपलच्या सेवांमध्ये लॉग-इन करायचा प्रयत्न केलेला असतो. दुसऱ्याच्या मापाचा सदरा उसवून बसवत राहण्यापेक्षा कापड आणून नवा शिवणे लवकर होते, हे मी अनेकांना सांगून थकलो आहे. तो फोल्डर पुसून टाका.

तुमच्या यादीतील सर्वांत मोठी अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे आणि तिला उपाय नाही. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांसाठी ती कंपनी स्वतःचे वेगळे ड्रायव्हर देत असे, ते हाय सिएरा या २०१७ च्या आवृत्तीपाशी थांबले. जीटीएक्स १६५० बाजारात आले २०१९ मध्ये, ते ट्युरिंग पिढीचे आहे, आणि त्या पिढीसाठी मॅकओएसचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही. कोणतेही केक्स्ट, कोणतीही ‘पॅच केलेली’ फाइल ही उणीव भरून काढू शकत नाही. सुदैवाने तुमच्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ नाही, त्यामुळे त्यात यूएचडी ६३० हे अंगभूत ग्राफिक्स आहे आणि मॅकओएस ते उत्तम ओळखते. एक्सकोड शिकण्यासाठी ते पुरेसे आहे.

पुढे कधी कार्ड घ्यावेसे वाटले तर एएमडीचे आरएक्स ५८० किंवा आरएक्स ६६०० पाहा. आरएक्स ६७०० एक्सटी क्रमांकाने मोठे असूनही मॅकओएसला चालत नाही आणि ७००० मालिकेतले एकही चालत नाही. वापरलेले कार्ड घेताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. मी एका दुकानातून स्वस्तात घेतलेले आरएक्स ५८० विंडोजमध्ये व्यवस्थित चाले आणि मॅकओएसमध्ये काळा पडदा दाखवी. दोन आठवडे मी ओपनकोरच्या सेटिंगच्या, म्हणजे कॉन्फिगच्या, फाइलमध्ये दोष शोधत होतो. शेवटी लक्षात आले की ते कार्ड आभासी नाणी (क्रिप्टो) खणण्यासाठी वापरलेले होते आणि त्याचे बायोस बदललेले होते. मूळ बायोस परत भरल्यावर ते पहिल्याच बूटमध्ये चालले.

म्हणून आत्ता जीटीएक्स १६५० कार्ड काढून बाजूला ठेवा. ते ठेवूनच मॅकओएसपुरते बंद करता येते, ‘-डब्ल्यूईजीनोईजीपीयू’ हे बूटचे सूचनापद त्यासाठीच आहे, पण पहिल्या प्रयत्नात जितक्या वस्तू कमी तितके बरे. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टला जोडा. मदरबोर्डवर व्हीजीएचे भोकही असेल आणि घरातला जुना मॉनिटर त्याच केबलचा असेल, तर त्यावर विसंबू नका. इंटेलच्या स्कायलेक, म्हणजे सहाव्या, पिढीपासून मॅकओएसमध्ये व्हीजीए धरता येत नाही, आणि आपल्याकडे जुन्या मॉनिटरमुळे वाया गेलेले हॅकिन्टॉशचे प्रयत्न मी पुष्कळ पाहिले आहेत. कॉन्फिगमध्ये ग्राफिक्सच्या साधनापुढे प्लॅटफॉर्म ओळख ०७००९बी३ई अशी द्यावी आणि पडदा काळा राहिला तर ००००९बी३ई देऊन पाहावे.

बायोसमधील सेटिंग हा अर्धा तास देण्यासारखा भाग आहे, कारण तिथली एक चूक पुढची चार संध्याकाळ खाते. सीएसएम बंद, सिक्युअर बूट बंद, फास्ट बूट बंद, साटाची पद्धत एएचसीआय, एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू, आणि अंगभूत ग्राफिक्ससाठी राखून ठेवायची स्मृती ६४ एमबी. व्हीटी-डी बंद करावे. विंडोजमध्ये त्याची गरज असेल तर ते चालू ठेवून ओपनकोरमध्ये ‘डिसेबलआयओमॅपर’ चालू करावे. सीएफजी लॉक नावाची सोय अनेक बी४६० मदरबोर्डांवर दिसतच नाही. ती मिळाली तर बंद करावी, न मिळाल्यास कॉन्फिगमध्ये ‘ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक’ चालू करावे; नाहीतर कर्नल प्रोसेसरच्या एका कुलूपबंद नोंदीत लिहायला जातो आणि तिथेच कोसळतो. विंडोजच्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर या बदलांपूर्वी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

यानंतर एसीपीआयचे तक्ते, म्हणजे फर्मवेअर यंत्रातल्या भागांचे वर्णन ज्यांत ठेवते ते. दहाव्या पिढीच्या डेस्कटॉपसाठी तीन छोट्या फाइली लागतात. पहिली बनावट ‘ईसी’ (एम्बेडेड कंट्रोलर) दाखवते आणि यूएसबीच्या वीजपुरवठ्याची माहिती देते. कॅटालिना या आवृत्तीपासून ती नसली तर बूट लटकते. दुसरी प्रोसेसरच्या वीजव्यवस्थापनासाठी असते. तिसरी घड्याळासाठी: इंटेलच्या ३०० मालिकेपासून मदरबोर्डवर एडब्ल्यूएसी नावाचे नवे घड्याळ आले, ते मॅकओएसला कळत नाही, म्हणून जुने आरटीसी जागे करून द्यावे लागते. मदरबोर्ड आसुसचा असेल तर यूएसबीसाठी चौथी फाइल लागण्याचा संभव आहे. तुमच्या आधीच्या ईएफआयमध्ये या फाइली होत्या की नाही, आणि होत्या तर त्यांतले मार्ग तुमच्या फर्मवेअरमधील नावांशी जुळत होते की नाही, हे सांगता येणार नाही. त्यामुळे एसएसडीटीटाइम हे साधन विंडोजमध्ये चालवून तुमच्याच यंत्राच्या तक्त्यांवरून त्या तयार करून घ्याव्यात.

कॉन्फिगची फाइल ओपनकोरच्या सोबत येणाऱ्या नमुना फाइलवरून स्वतः भरावी, आणि ती ओपनकोरच्या त्याच आवृत्तीची असावी. जुन्या आवृत्तीची कॉन्फिग आणि नवा ओपनकोर हे मिश्रण फार जणांना नडते. सोबत ‘ओसीव्हॅलिडेट’ नावाचे तपासणीचे साधन येते. त्याचा निकाल निर्दोष आल्याखेरीज पेनड्राइव्ह लावूच नये. मॉडेलची ओळख आयमॅक२०,१ ही द्यावी, कारण २०२० मध्ये आलेल्या त्या आयमॅकमध्ये तुमच्याच प्रोसेसरची पिढी होती. अनुक्रमांक जेनएसएमबायोसने नवा तयार करून ॲपलच्या वॉरंटी तपासण्याच्या पानावर टाकून पाहावा. तो तिथे कोणाच्यातरी खऱ्या यंत्राचा निघाला तर टाकून द्यावा आणि दुसरा घ्यावा. आपल्या खेळापायी कोणा अनोळखी माणसाच्या मॅकला त्रास होता कामा नये.

यूएसबीच्या पोर्टचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण ‘इन्स्टॉल झाले, पण संगणक झोपत नाही, ब्लूटूथ दिसत नाही, पेनड्राइव्ह मध्येच निसटतो’ अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. मॅकओएस एका यूएसबी नियंत्रकावर १५ पोर्टच मानते. हे १५ म्हणजे डोळ्यांना दिसणारी १५ भोके नव्हेत. निळ्या जिभेचे प्रत्येक यूएसबी ३ भोक दोन पोर्ट धरते, एक जुन्या गतीचे आणि एक नव्या गतीचे. मदरबोर्डच्या आतले ब्लूटूथ एक धरते, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची जोडणी आणखी काही धरते आणि न वापरलेलेही मोजले जातात. मर्यादा उठवणारी एक सोय पूर्वी होती, ती बिग सर ११.३ पासून निकामी झाली. तेव्हा विंडोजमध्ये यूएसबीटूलबॉक्स चालवावे, एकेका भोकात आधी यूएसबी २ चा आणि मग यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह घालून कोणते भोक कोणत्या क्रमांकाचे आहे याची नोंद करावी आणि हवे ते १५ निवडून त्याचे केक्स्ट तयार करावे. तुमच्याकडे विंडोज आधीच आहे, हा इथे मोठा फायदा आहे. हे काम इन्स्टॉल करण्यापूर्वीच उरका. इन्स्टॉलरचा पहिला पडदा आला आणि कीबोर्ड-माऊस दोन्ही मृत, हा अनुभव मी घेतलेला आहे.

इतके करूनही बूट अडू शकते, परंतु तेव्हा ते अडल्याचे कारण वाचता येते. सफरचंदाच्या चित्राकडे पाहत बसू नका. बूटच्या सूचनांमध्ये ‘-व्ही’ घातले की चित्राऐवजी कर्नलच्या ओळी पडद्यावर धावतात. ‘ईबी’ या अक्षरांनी सुरू होऊन ‘एक्झिटबीएस स्टार्ट’ या शब्दांनी संपणारी ओळ शेवटची असेल, तर कर्नल अजून जागाच झालेला नाही आणि दोष कॉन्फिगच्या बूटर विभागात, म्हणजे स्मृतीच्या नकाशासंबंधीच्या सोयींत असण्याची शक्यता अधिक. कॉमेट लेकवर, म्हणजे तुमच्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर, ‘रिबिल्डॲपलमेमरीमॅप’, ‘सिंकरनटाइमपरमिशन्स’ आणि ‘डीव्हर्च्युअलाइझएमएमआयओ’ चालू आणि ‘सेटअपव्हर्च्युअलमॅप’ बंद असावे. ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ दिसले आणि मग निषेधाचे वर्तुळ आले, तर मॅकओएसला ज्यावरून बूट व्हायचे तो पेनड्राइव्हच दिसत नाही. तो यूएसबी २ च्या भोकात लावून पाहा. ओळी धावता धावता पडदा काळा पडला आणि डिस्कचा दिवा मात्र लुकलुकत राहिला, तर यंत्र चालू आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. ती ग्राफिक्सची बाब झाली. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. पाच बदल एकदम करून यश आले तरी कोणत्या बदलाने आले ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला ते अज्ञान भोवते.

इन्स्टॉलरसाठी कोणाचीही तयार प्रतिमा उतरवू नका; आत काय मिसळले आहे हे कळायला मार्ग नसतो. ओपनकोरबरोबर येणारी मॅकरिकव्हरी ही स्क्रिप्ट विंडोजमधून चालते आणि थेट ॲपलच्या सर्व्हरवरून रिकव्हरी आणते. बाकीचे १२ जीबीहून अधिक सामान इन्स्टॉल होताना इंटरनेटवरून येते, म्हणून नेटवर्कची केबल जोडलेली हवी आणि तुमच्या चिपचे केक्स्ट आत हवे: रिअलटेक असेल तर आरटीएल८१११ चे, इंटेल असेल तर इंटेलमाउसी. विंडोजच्या एसएसडीवर जागा करून तिथेच मॅकओएस घालण्याचा तुमचा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. विंडोजने केलेले ईएफआय विभाजन सहसा १०० एमबीचे असते, मॅकओएसच्या डिस्क युटिलिटीला २०० एमबी लागतात, आणि त्या घोळात तुमचा विंडोजमधील सगळा डेटा टांगणीला लागतो. शिवाय एक्सकोड आणि त्याचे सिम्युलेटर (पडद्यावरचे नकली आयफोन) मिळून कित्येक जीबी गिळतात. ५०० जीबीचा वेगळा एसएसडी घ्या, इन्स्टॉल करताना विंडोजचा एसएसडी काढून ठेवा, डिस्क युटिलिटीत ‘सगळी साधने दाखवा’ हा पर्याय निवडून मग जीयूआयडी आणि एपीएफएस अशा पद्धतीने फॉरमॅट करा. संगणक मध्ये दोन-तीनदा बंद होऊन चालू होईल; दर वेळी ओपनकोरच्या यादीत इन्स्टॉलरचेच नाव निवडायचे असते.

सगळे चालू झाल्यावर ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवरून नव्या एसएसडीच्या ईएफआय विभाजनात न्यावा आणि तो पेनड्राइव्ह तसाच जपून ठेवावा. वाय-फायचे कार्ड इंटेलचे असेल तर आयटीएलडब्ल्यूएम आणि हेलीपोर्ट यांनी इंटरनेट मिळते, एअरड्रॉप मिळत नाही. आवाजासाठी ॲपलएएलसीमध्ये तुमच्या कोडेकचे एकेक लेआउट क्रमांक लावून पाहावे लागतील. त्यात बुद्धीपेक्षा चिकाटी लागते. आणि विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसले तर बॅटरी बदलायला धावू नका. मॅकओएस मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच वेळ भारतीय समजून वाचते. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद केली की दोघांचे जुळते.

आवृत्ती कोणती घालावी, याचे उत्तर तुमच्या उद्देशातच आहे. एक्सकोड २६ च्या पहिल्या आवृत्तीला मॅकओएसची सिक्वोया १५.६ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, म्हणून सिक्वोया घाला. टाहो, म्हणजे आवृत्ती २६, तुमच्या यंत्रावर चढू शकेल, परंतु त्यात ॲपलएचडीए हा आवाजाचा मूळ ड्रायव्हरच काढून टाकलेला आहे, आणि तो परत घालायचा तर मी वर सांगितलेली मोहोर तोडावी लागते. यापेक्षा मोठी गोष्ट ही की इंटेल मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती असेल, असे ॲपलने २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केले आहे. २००६ च्या जानेवारीत पहिला इंटेल मॅक आला, म्हणूनच आपल्या पीसीवर मॅकओएस चालवण्याची वाट उघडली. २०२० च्या नोव्हेंबरपासून ॲपलने स्वतःच्या चिप वापरायला घेतल्या आणि आता ती वाट बंद होते आहे. एम मालिकेच्या मॅकसाठी लिहिलेली मॅकओएस इंटेलच्या प्रोसेसरवर चालवणारा कोणताही ओपनकोर येणार नाही, कारण तिथे मदरबोर्डची ओळख बदलून भागत नाही, प्रोसेसरची भाषाच वेगळी आहे.

त्यामुळे माझे मत विचाराल तर असे: स्विफ्ट ही ॲप लिहिण्याची भाषा शिकायला आणि सिम्युलेटरवर पहिली दोन-तीन ॲप्स उभी करायला हा संगणक तुम्हाला आणखी काही काळ नक्की उपयोगी पडेल, आणि तो जुळवताना बूटची प्रक्रिया तुम्हाला जितकी कळेल तितकी ती पुस्तकातून कळणार नाही. मात्र त्यासाठी नवे ग्राफिक्स कार्ड, नवे वाय-फाय कार्ड असा खर्च वाढवत जाऊ नका. एम४ चा मॅक मिनी २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, त्यात १६ जीबी स्मृती आहे, आणि ॲप विकायची वेळ येईल तेव्हा तुम्हाला तसेच काहीतरी लागणार आहे. एसएसडीचा खर्च ठीक, कारण तो नंतर विंडोजलाही कामी येतो.

वरीलप्रमाणे स्वतःचा ईएफआय करून पाहिल्यावर पुन्हा कुठे अडलात, तर मदरबोर्डचे पूर्ण नाव, बायोसची आवृत्ती, आणि ‘-व्ही’ लावून आलेल्या शेवटच्या दहा-पंधरा ओळींचा स्पष्ट फोटो पाठवा. कॉन्फिगची फाइलही पाठवा, पण त्याआधी तिच्यातले अनुक्रमांक पुसून टाका.